दोन बोटं आखूड

गुलबर्ग्याकडं जाऊन आले म्हटल्यावर शेजारणी विचारतात, काय काय पाहिलंस? किल्ला पाहिलास? दर्गा? मोठमोठे घुमट आहेत म्हणे तिकडे? नाही हो, यातलं एकही नाही पाहिलं. पाच दिवसांतले साडेतीन एका छोट्या गावात गेले. तरी लिहितेय, कारण तिथं जे पाहिलं ते कुठल्या घुमटाखाली दिसलं नसतं. माणसांची नावं बदललीत आणि गावाचं नाव सांगणार नाही. मुडबीच्या आसपासचं एक गाव समजा, म्हणजे झालं.

आधी माझं सांगते. मी शिवणकाम करणारी बाई. पुण्यात फॅशन शो होतात, त्यांच्या पडद्यामागे तीस वर्षं मी पोरींना कपडे चढवतेय. पुढे दिवे आणि टाळ्या, मागे मी, तोंडात टाचण्या धरून. कपडा सैल असेल तर पाठीमागून टाचायचा, आखूड असेल तर दुमड उसवून सोडायची आणि पोरीला उजेडात ढकलायचं. सगळे मला नंदामावशी म्हणतात. तोंड फटकळ आहे पण हात हलका, म्हणून टिकले.

गेल्या जूनमध्ये एका एजन्सीनं सुजाताला आणलं. पावणेसहा फूट उंच, सावळी, मान अशी की नुसतं बघत राहावं. कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओत दिसली आणि तिथून उचलली. कागदावर अठरा पूर्ण. जुलैत मी तिच्या मापाची काळी विजार शिवली, घोट्याला बरोब्बर टेकणारी. डिसेंबरात तीच विजार तिनं घातली तर घोट्याच्या वर दोन बोटं! कापड आटणारं नव्हतं. टेप लावून पाहिला. विजार तेवढीच होती, पोरगी वाढली होती.

अठरा पूर्ण झालेली पोरगी पाच महिन्यांत दोन बोटं वाढते होय? मी काय काल शिवायला बसलेय? आणि जानेवारीत तिला परदेशी पाठवायचं ठरलं होतं.

त्या परदेशी शहरात मी एकदा जाऊन आलेय, आपल्याकडच्या एका डिझायनरबरोबर. देशोदेशींच्या सात पोरी एका फ्लॅटमध्ये कोंबलेल्या. पासपोर्ट एजन्सीच्या कपाटात. तिकीट, खोली, फोटो सगळ्याचा खर्च पोरींच्याच नावावर कर्ज म्हणून चढवलेला, म्हणजे मध्येच घरी जाते म्हणायची सोय नाही. संध्याकाळी बड्या पाहुण्यांच्या जेवणाला त्यांना नटवून न्यायचे. नाही म्हणणारीला दुसऱ्या दिवशी काम नसायचं. त्यातल्या एका गोऱ्या पोरीला मी झगा चढवत होते, तर तिनं तोंडात बोट घातलं आणि माझ्या तळहातावर दाढ ठेवली. दुधाची दाढ! तिच्याही कागदावर अठराच होते. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी नव्हती. मी दाढ कागदात गुंडाळून तिला दिली आणि झगा टाचला. एवढंच केलं मी.

सुजाता घरच्यांचा निरोप घ्यायला गावी गेली होती. गुरुवारी एजन्सीची गाडी तिला न्यायला जाणार आणि शनिवारी विमान. मी सोमवारी रेल्वेत बसले.

सोमवार, गुलबर्गा

स्टेशनाबाहेर पडले तर सगळ्या पाट्या कन्नडमधल्या. मला कन्नडचं एक अक्षर येत नाही. पण खानावळीत मी मराठीत विचारलं, मालकानं दखनीत उत्तर दिलं आणि वाढप्याला कन्नडमधून ओरडला. कुणाचं काही अडलं नाही. ज्वारीची कडक भाकरी पापडासारखी मोडायची, वर घट्ट तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे वरण म्हणजे पिवळं पाणी. इथल्या वरणात चमचा उभा राहतो. तिखटानं नाक वाहायला लागलं तरी दोन भाकरी संपवल्या.

हात धुवायला उठले तर फोन वाजला. सनीचा. एजन्सीचं पोरींना आणण्या-पोचवण्याचं काम हाच बघतो. बोलायला साखर, डोळ्यांनी मात्र सतत मापं घेत असतो.

‘‘मावशी, कुठे आहात? बुधवारी फिटिंग आहे.’’

‘‘गाणगापूरला आलेय,’’ मी ठोकून दिलं. ‘‘नवस होता.’’

‘‘अरे वा! मी गुरुवारी तिकडंच येतोय, सुजाताला न्यायला. येताना तुम्हालाही गाडीत घेतो की.’’

‘‘बघते,’’ म्हटलं आणि फोन ठेवला. देवाच्या नावावर खोटं बोलले, पण देव समजून घेईल. लॉजच्या खोलीत पडल्यावर मात्र विचार आला. तिथं जाऊन सांगणार काय होते मी? तुमच्या पोरीची विजार आखूड झाली म्हणून?

मंगळवार, गावाची वाट

बसवकल्याणकडं जाणाऱ्या बसमध्ये कंडक्टरनं आधी कन्नडमधून विचारलं, मग ‘‘किदर जाना अम्मा?’’ आणि मला गप्प बघून शेवटी, ‘‘कुठं जायलात अक्का?’’ मी गावाचं नाव सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि मला एक थांबा आधीच उतरवलं. बस गेल्यावर कळलं.

दोन्ही बाजूंना तूर कापणीला आलेली, माणूसभर उंच. शेंगा वाळून खुळखुळत होत्या. काही रानांत कापून पेंढ्या उभ्या केलेल्या. माती मध्येच काळीभोर, मध्येच विटेसारखी तांबडी. एरवी मी थांबून बघितलं असतं. पण चपलेचा अंगठा तुटला आणि ऐन दुपारी अनवाणी पायांनी, चपला हातात धरून, गावात शिरले. असा माझा थाट!

सुजाताचं घर शहाबादी फरशीच्या भिंतींचं, समोर बारीक अंगण. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. तिच्या आईनं, संगीताबाईनं, कोण-कुठली विचारायच्या आधी माझे पाय पाहिले आणि तांब्याभर पाणी ओतलं.

‘‘पुण्याहून आलाव व्हय? बारकीच्या कामावरच्या?’’ ती म्हणाली. ‘‘बसा माय. पाय किती पोळलेत तुमचे.’’

बारकी म्हणजे सुजाता. पावणेसहा फुटांची, घरात एकुलती एक, आणि नाव बारकी! मी हसले. आई हसली नाही. तेव्हा मला ते खटकायला हवं होतं.

सुजाता आतून धावत आली आणि गळ्यात पडली. ‘‘मावशी! मला भेटायला आलात?’’ गालाची हाडं वर आली होती. बाप गौतम, गुलबर्ग्याच्या दालमिलमध्ये काम करतो, पोर जायची म्हणून रजा घेऊन आला होता. कमी बोलणारा माणूस. पण पोरगी विमानात बसणार हे सांगताना त्याला थांबवावं लागत होतं.

‘‘आमच्या गल्लीतलं कुणी मुंबईच्या पल्याड गेलं न्हाई बाई,’’ तो म्हणाला. ‘‘हिचा फोटू मोठ्या शहरात लागणार म्हणत्यात. घराएवढा.’’

जेवायला बसलो. संगीताबाईनं पोरीच्या आवडीचं सगळं केलं होतं, गव्हाची गोड खीर, हुग्गीसुद्धा. सुजातानं तीन चमचे वरण खाल्लं. भाकरीचा तुकडा मोडला, ताटभर फिरवला आणि आई वळल्यावर मांडीखाली सरकवला. ही चाल मला पाठ आहे. पडद्यामागे तीस वर्षं बघतेय.

‘‘आल्यापास्नं खायली न्हाई,’’ आई म्हणाली. ‘‘पोटात काही रोग बसलाय काय की.’’

माझं तोंड सुटलं. सगळं जपून, हळूहळू सांगायचं ठरवून आले होते, पण त्या भाकरीच्या तुकड्यानं डोक्यात तिडीक गेली.

‘‘रोग नाही, उपाशी ठेवलीय तिला!’’ मी म्हटलं. ‘‘आणि ही पोर अठराची नाही. सोळाची तरी आहे का, मला शंका आहे. तिकडे पाठवू नका हिला.’’ मग त्या फ्लॅटचं, पासपोर्टचं, पाहुण्यांच्या जेवणाचं आणि त्या दाढेचं सगळं भडाभडा ओकले.

गौतम हात न धुता उठला, ट्रंक उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीतला जन्माचा दाखला माझ्यापुढं धरला. ‘‘वाचा. सरकारचा शिक्का हाय. बसवकल्याणच्या दवाखान्यातला जन्म. अठरा वर्सं नऊ म्हयने.’’ हातात मात्र दिला नाही.

संगीताबाईनं ताटं उचलली आणि परसात शेळीकडं गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

बुधवार

रात्री ओसरीवरच झोपले. सकाळी सुजातानं मला परसात बोलावलं. अंगाला चिकटणारे कपडे घातले होते. ‘‘मावशी, जरा टेप धरा ना. माय लाजते. रोज सकाळी फोटो पाठवायचा असतो, नाहीतर सनीसर चिडतात.’’

टेप कमरेखाली लावायचा, आकडा दिसेल असा, आणि फोटो काढायचा. रोज. आईबापाच्या घरी आली तरी सुटका नाही. आणि मी काय केलं सांगू? धरला टेप. हातांना सवय. टोकाशी अंगठा, दुसऱ्या हातानं ताण, आकडा सरळ. तिनं फोटो काढला, पाठवला, आणि तेव्हा कुठं मला कळलं की मी आत्ता काय केलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

उत्तर लगेच आलं. सुजातानं वाचलं. ‘‘अर्धा इंच वाढलेय,’’ म्हणाली. डोळे भरले. ‘‘मायनं तूप घातलं वाटतं वरणात.’’

‘‘सुजाता, अगं तू वाढीला लागलेली पोर आहेस. तुझं वाढणारच.’’

‘‘मावशी, तुम्ही कामून आलात?’’ ती एकदम फिरली. ‘‘माझं वाटोळं करायला? दहावीपर्यंत मला सगळे खांब म्हणायचे. ताडमाड म्हणायचे. पहिल्यांदा कुणीतरी चांगलं म्हणायलंय. इथं राहून काय करू, तूर उपटू?’’

मी स्वतः याच धंद्यावर जगले. तिला उजेडात ढकलणाऱ्यांत मीही होतेच.

गौतमनं न्याहारीनंतर हात जोडले. ‘‘बाई, तुमी पाव्हण्या. पर आमच्या घरात इख कालवू नका. दुपारच्याला बस हाय.’’

हाकललंच म्हणा ना. चपलेला दोरी बांधून मी थांब्यावर जाऊन बसले. ऊन डोक्यावर. थांब्यामागेच बुद्धविहार, पांढरंशुभ्र, समोर पिंपळ. आत एक म्हातारे गृहस्थ फरशी पुसत होते. त्यांनी हाक मारली, ‘‘अक्का, उन्हात कामून बसलाव? आत या, सावलीला.’’

हे दशरथअण्णा, गावचे बौद्धाचार्य. लग्नं, नामकरणं लावणारे. गौतमच्या घरची पाहुणी म्हटल्यावर पाणी दिलं आणि मुरमुऱ्यांचा सुसला खायला घातला. गप्पा मारताना अभिमानानं कपाटातून एक जाड वही काढली. आमच्याकडे असल्या गोष्टी भटजीच्या डोक्यात राहतात आणि भटजीबरोबर जातात. इथं छप्पन सालानंतर, दीक्षा घेतल्यापासून, समाजाची नोंदवही आहे. अण्णांच्या वडिलांनी सुरू केली, आता अण्णा लिहितात. नामकरण, मंगल परिणय, आणि माणूस गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा विधी. एकही घर सुटलेलं नाही.

‘‘बाबासाहेबांनी लिवायला शिकवलं,’’ अण्णा म्हणाले. ‘‘मग लिवायला आळस कामून?’’

मी सहज म्हटलं, ‘‘सुजाताचं नाव आहे का यात?’’

त्यांनी पानं उलटली. दाखल्यावर जे साल होतं त्याच सालातलं पान. कु. सुजाता, पिता गौतम, माता संगीता, नामकरण. म्हणजे दाखला खरा होता. माझी विजार, माझा टेप, माझी तीस वर्षं सगळी खोटी पडली.

मग अण्णांनी अंगठा लावून पुढचं पान उलटलं, सवयीनं, माझ्यासाठी नव्हे. आणि तिथं तेच नाव होतं. कु. सुजाता, पिता गौतम, वय अकरा महिने. पुण्यानुमोदन.

मी तीनदा वाचलं. आज सकाळी जिच्या कमरेला टेप लावला, ती?

‘‘तुमास्नी ठाऊक न्हाई?’’ अण्णा म्हणाले. ‘‘ही बारकी. थोरली सुजाता गेली, तापानं. मग दोन वर्सानं ही झाली, ऊसतोडीला गेल्यावर, पाचटाच्या कोपीत, कारखान्यावर. बघा की, हिथं हाय.’’ आणखी दोन पानांनंतर, स्वच्छ अक्षरात, करुणा, पिता गौतम, माता संगीता. तारीख पाहून मी बोटांवर मोजलं. पंधरा वर्षं आणि दहा महिने.

‘‘हिचा दाखला न्हवता. कोपीत कोण देतंय दाखला? शाळंत घालायच्या वक्ताला थोरलीचा दिला. ही चार वर्सांची, पर ताड! सहाची दिसायची. मास्तरला काय कळणार?’’

म्हणजे उंचीनंच तिला शाळेत घातलं, आणि उंचीच तिला विमानात बसवणार होती. दुपारची बस आली. मी उठले नाही. बस गेली.

अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली. ‘‘वही मी देतो. पर आधी संगीताला इच्यारा. त्या दोन पानांचं ती कुणापाशी काढत न्हाई.’’ मग त्यांनीच बिदरला बालकल्याण समितीच्या एका बाईंना फोन लावला. त्या गुरुवारी दुपारपर्यंत येते म्हणाल्या. गाडी सकाळी येणार होती.

संध्याकाळी मी परत त्या अंगणात उभी. गौतम पोरीला नवी चप्पल घ्यायला बाहेर गेला होता, तिला घेऊनच. संगीताबाई चुलीशी भाकऱ्या थापत होती. या वेळी मी तोंड आवरलं. शेजारी बसले, लाकूड पुढं सारलं, आणि एवढंच म्हटलं, ‘‘अण्णांकडं वही बघितली.’’

तिचा हात थापता थापता थांबला. भाकरी परातीतच राहिली.

‘‘अकरा म्हयन्याची होती,’’ ती म्हणाली. ‘‘धरून धरून चालायली होती. तिला बांधावर पुरली, आमच्या वाट्याच्या रानात. कचेरीत कुणी सांगितलं न्हाई. सांगितलं की नाव खोडत्यात म्हणायलते सगळे.’’ डोळ्यांत पाणी नव्हतं. ‘‘मग बारकीला तिच्या नावानं शाळंत घातली. मी येळेच्या आधी जाऊन शाळंच्या भिंतीबाहेर उभी राह्यची. मास्तर हजेरी घ्यायचा. सुजाता, म्हणायचा. ही आतून ओरडायची, हजर! मला लई बरं वाटायचं बाई. रोज बरं वाटायचं. माझी पोर मेली ती कागदावर तरी न्हाई मेली.’’

मला मूल नाही. हातातलं लाकूड विझेपर्यंत तसंच धरून बसले होते.

‘‘आता मीच जाऊन सांगू व्हय, ती मेली म्हणून? अन् ह्यांना खोटं केलं म्हणून बेडी घालतील त्याचं काय?’’

‘‘मला माहीत नाही,’’ मी खरं तेच सांगितलं. ‘‘बेडी घालतील की दम देऊन सोडतील, मला माहीत नाही. पण कागदावर ही बाई आहे, संगीताबाई. उद्या तिकडं कुणी तिचा हात धरला, तर ही मूल आहे असं म्हणायला कुणाकडं कागद नाही. तुमची थोरली जपायला धाकटी घालवू नका.’’

तिनं भाकरी तव्यावर टाकली. ती करपली. दोघींपैकी कुणीच उलटली नाही.

गुरुवार

रात्र विहारात काढून मी सकाळी परत त्या अंगणात आले. गाडी साडेनऊला आली. पांढरी, काळ्या काचांची. गल्लीतली सगळी माणसं बघायला. सनी काळा चष्मा लावून उतरला, मला बघून क्षणभर दचकला आणि मग हसला.

‘‘मावशी! गाणगापूर इथं आहे होय?’’

सुजाता तयार होती. नवी बॅग, नवी चप्पल. माझ्याकडं बघत नव्हती. गौतम कौतुकानं गाडीला हात लावून बघत होता. संगीताबाई दारात उभी, चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, संपलं. हिनं काही सांगितलेलं नाही.

मी गाडीच्या दारापुढं जाऊन उभी राहिले. सनी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, ‘‘मावशी, बाजूला व्हा. करार आहे, सह्या आहेत. पुण्यात पुन्हा कुठल्याच शोला सुई धरता येणार नाही तुम्हाला.’’

‘‘नको धरू दे. मोतीबिंदू होतच आलाय.’’

तेव्हा संगीताबाई पायरी उतरून आली. सरळ सनीसमोर.

‘‘कुणाला न्यायला आलास?’’

‘‘सुजाताला, ताई.’’ त्यानं फाइल उघडून दाखवली. ‘‘हा पासपोर्ट, हे तिकीट. सगळीकडं सुजाताच.’’

‘‘सुजाता पायजे ना तुला? चल, दावते.’’

आणि ती चालायला लागली. गौतम मागून ओरडला, ‘‘अगं ए, काय करायलीस?’’ ती थांबली नाही. सनी गोंधळून तिच्यामागे, मी, गौतम, सुजाता, मागे निम्मी गल्ली. विहारापाशी दशरथअण्णा वही काखेत घेऊन मिसळले. गावाबाहेर तुरीच्या बांधावरून, खुळखुळणाऱ्या शेंगांमधून, एका बाभळीपाशी ती थांबली. तिथं दोन-तीन फरशीचे तुकडे कडेनं रोवलेले. मध्ये जागा एवढीशी, सुपाएवढी.

‘‘ही सुजाता,’’ संगीताबाई म्हणाली. ‘‘आता अठराची झाली असती. कागद हिचाच हाय. घिऊन जा हिला. ही जी हुबी हाय ती माझी करुणा. ती न्हाई मिळायची.’’

सनीनं चष्मा काढला. पहिल्यांदाच त्याला कुठं बघावं ते कळेना. मग तो तावातावानं गौतमवर घसरला, फसवणूक, पोलीस, नुकसान, काय काय. गौतम दगडांकडे बघत होता. मी म्हटलं, घेऊन जा की पासपोर्ट, विमानतळावर दाखव मेलेल्या पोरीचं नाव, आणि बिदरहून समितीच्या बाई यायला निघाल्यात, त्यांनाही तुझे ते रोज सकाळचे फोटो दाखव. फोटोंचं नाव निघाल्यावर मात्र गौतमनं मान वर केली.

‘‘कसले फोटू?’’

पोरीनं फोन बापाच्या हातात दिला. त्यानं दोन-तीन पाहिले आणि फोन उलटा करून छातीशी धरला.

‘‘गाडी फिरव,’’ तो सनीला म्हणाला. एवढंच. सनी बांधावरून जवळजवळ पळतच गेला.

पोरगी तिथंच मातीत बसली. तिला बहीण होती एवढं माहीत होतं. आपण तिच्या दाखल्यावर जगतोय हेही माहीत होतं. पण ही जागा तिला कुणी दाखवली नव्हती. ती बराच वेळ रडली. त्यातलं बहिणीसाठी किती आणि विमानासाठी किती, कोण जाणे. मी जवळ गेले तर म्हणाली, ‘‘तुम्ही नका बोलू माझ्याशी.’’ नाही बोलले.

बिदरच्या बाई दोन वाजता आल्या. फोन त्यांनी ताब्यात घेतला, सगळं लिहून घेतलं, वहीच्या पानांचे फोटो घेतले. गौतमनं स्वतःहून सांगितलं, खोटं मी केलं. बेडी घातली नाही. पुढं काय होईल ते त्याही नक्की सांगू शकल्या नाहीत.

शुक्रवार, पंचायतीची कचेरी

इतक्या वर्षांनी मृत्यू नोंदवायचा तर वरच्या साहेबाचा हुकूम लागतो, पण अर्ज इथूनच सुरू होतो असं बाईंनी सांगितलं होतं. थोरलीची नोंद झाल्याशिवाय धाकटीचा खरा दाखला निघणार नव्हता. कचेरीत एक टेबल, एक पंखा आणि कन्नडमधला फॉर्म. गौतम, संगीताबाई, वही घेऊन दशरथअण्णा, आणि परतीच्या बसला अजून तास होता म्हणून मी. पोरगी सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून उभी. अंगावर जुना शाळेचा ड्रेस, मनगटं बाह्यांच्या बाहेर आलेली. सकाळी तिनं आईच्या हातची दीड भाकरी खाल्ली होती, माझ्याकडं पाठ करून. पण खाल्ली.

कारकून भला माणूस. मराठीत विचारत होता, कन्नडमध्ये लिहीत होता. वय, गाव, कारण. संगीताबाई एकेक सांगत होती, कोरड्या आवाजात, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. सही करायच्या आधी तो म्हणाला, ‘‘एकदा वाचून दावतो, चूक नको.’’ त्यानं चष्मा सारखा केला आणि हजेरी घ्यावी तसं मोठ्यानं वाचलं,

‘‘सुजाता.’’

‘‘हजर,’’ भिंतीपाशी उभी असलेली पोरगी म्हणाली.

दहा वर्षांची सवय. तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. कारकुनाचं पेन थांबलं. संगीताबाईनं मागं वळून पाहिलं नाही. तिनं फक्त डोळे मिटले, शाळेच्या भिंतीबाहेर मिटत असेल तसे, आणि मग फॉर्म स्वतःकडं ओढून सही केली.